लहान मुलाचं व्हायोलिन: कौतुकाआधी तारा जुळवा

पाच-सहा वर्षांचं मूल चार महिन्यांत व्हायोलिन ठेवून देतं, तेव्हा घरात लगेच निकाल लागतो की त्याला आवड नाही. पेटी उघडून पाहिली तर बहुधा भलतंच दिसतं. वाद्य हाताच्या मापापेक्षा मोठं असतं, तारा दोन-दोन स्वर उतरलेल्या असतात, गजाला कित्येक दिवसांत रोझिन (केसांनी तार पकडावी म्हणून लावायची राळ) लागलेलं नसतं. अशा वाद्यावर मोठा वादकही कर्कशच वाजवेल. मुलाला मात्र वाटतं की हा आवाज आपल्यामुळे येतोय. म्हणून प्रोत्साहनाची सुरुवात पालकांच्या हातांपासून होते. शाबासकी त्यानंतर.

माप आधी

मुलाला सरळ उभं करा. डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला लांब करायला सांगा, तळवा वर. मानेच्या बुडापासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. साधारण 42 सेंमी आलं तर एक-अष्टमांश, 47 ला पाव, 51 ला अर्धं, 56 ला पाऊण आणि 58 च्या पुढे पूर्ण मापाचं व्हायोलिन. मोजमाप दोन मापांच्या मधे पडलं तर लहान घ्या. वाद्य हाती आल्यावर पुन्हा तपासा: हात लांब केल्यावर व्हायोलिनचं वळलेलं डोकं तळव्यात आलं पाहिजे आणि बोटं त्याभोवती सहज मिटली पाहिजेत. फक्त बोटांची टोकं पोचत असतील तर ते मोठं आहे.

गणवेश एक माप मोठा घेतला तर दुमडून घालता येतो, व्हायोलिनचं तसं नाही. मोठ्या वाद्यावर मुलाचं मनगट मागे मोडतं, करंगळी ताणली जाते, खांदा वर चढतो. या सवयी पुढे मोडायला वर्ष जातं. ‘अर्ध्या’ मापाचं व्हायोलिन लांबीने अर्धं नसतं हेही लक्षात ठेवा. पूर्ण वाद्याची पेटी, म्हणजे मानेखालचा पोकळ लाकडी भाग, सुमारे 35.5 सेंमी असते आणि अर्ध्याची 31-32. म्हणजे नावावरून वाटतो त्यापेक्षा फरक कमी आहे, पण लहान हाताला तो पुरेसा जाणवतो.

दीड-दोन वर्षांत माप बदलावंच लागतं. त्यामुळे महाग नवं वाद्य घेण्यापेक्षा गुरुजींना विचारून मोठ्या विद्यार्थ्याचं सुटलेलं वाद्य घेणं शहाणपणाचं. जुनं वाद्य पाहताना चार गोष्टी बघा. खुंट्या फिरतात आणि फिरवल्यावर जागेवर थांबतात का. वरच्या लाकडाला, विशेषतः घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात त्या उभ्या लाकडी तुकड्याच्या) पायाजवळ, चीर आहे का. मान पेटीपासून सुटलेली नाही ना. आणि बाजूचा जोड बोटाच्या पेराने ठोकला तर कुठे पोकळ, खुळखुळ आवाज येतो का.

नवं वाद्य घरी आल्यावर

ऑनलाइन मागवलेल्या व्हायोलिनची घोडी अनेकदा आडवी पडलेली किंवा वेगळी बांधलेली येते. व्हायोलिनच्या पोटावर इंग्रजी एफच्या आकाराची दोन छिद्रं असतात. त्यांच्या आतल्या कडेला छोट्या खाचा दिसतील, त्या दोन्ही खाचांच्या सरळ रेषेत घोडी उभी राहते. घोडीची कमी उंचीची बाजू बारीक तारेखाली, जास्त उंचीची जाड तारेखाली. दोन्ही पाय लाकडाला पूर्ण टेकले पाहिजेत. तारा ताणताना घोडीचा माथा हळूहळू पट्टीकडे, म्हणजे जिच्यावर बोटांनी तारा दाबतात त्या काळ्या फळीकडे, झुकतो. दर दोन-तीन दिवसांनी बाजूने बघा आणि झुकलेली दिसली तर दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून अगदी थोडी मागे आणा. तशीच सोडली तर एक दिवस फट्कन पडते. तारा बदलतानाही सगळ्या एकदम सोडू नका, एक काढून तिच्या जागी दुसरी घाला. सगळा ताण एकदम गेला तर पोटातला साउंडपोस्ट, म्हणजे आतली उभी काडी, सुटून पडू शकतो आणि तो परत बसवणं कारागिराचं काम आहे.

नव्या गजाने आवाजच येत नाही, हा तर पहिल्या दिवसाचा हमखास घोर. वाद्यात बिघाड नसतो. केसांना रोझिन लागलेलं नसतं, त्यामुळे केस तारेवरून नुसते घसरतात. रोझिनच्या वडीचा वरचा चकचकीत थर बारीक पॉलिशपेपरने किंचित खरवडा आणि गज टोकापासून बुडापर्यंत पंचवीस-तीस वेळा सावकाश फिरवा. एवढ्यानंतरही आवाज दबका वाटला तर अजून दहा. पुढे दोन-तीन दिवसांतून एकदा तीन-चार फेरे पुरतात. तारांवर पांढरी पूड दिसायला लागली की जास्त झालं, आवाजात किरकिर येते. रियाज संपला की कोरड्या सुती फडक्याने तारा आणि पोट पुसून घ्या.

गजाचा स्क्रू फिरवून मधोमध काठी आणि केस यांच्यात पेन्सिल मावेल इतकीच फट ठेवा. वाजवून झालं की सैल करा, नाहीतर काठी कायमची वाकते. केसांना बोट लावायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी शिकवा, कारण त्वचेचं तेल लागलेल्या जागी केस तारेला पकडत नाहीत. कुंदा किंवा चिवडा खाऊन रियाजाला बसायचं तर आधी साबणाने हात धुवायचे. चिकट बोटांमुळे तारा लवकर काळ्या पडतात.

तारा कोणी जुळवायच्या?

नऊ-दहा वर्षांपर्यंत पालकांनी. मुलाच्या हाताला खुंटी पेलत नाही आणि बारीक तार तुटली की ते घाबरतं. गुरुजींकडून दोन गोष्टी लिहून घ्या: सा कोणता (हार्मोनियमच्या पट्टीप्रमाणे पांढरी दोन, काळी एक, जो असेल तो) आणि जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत चार तारांचे स्वर. हिंदुस्थानी पद्धतीत बरेच जण प सा प सा लावतात, काही सा प सा प. कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. मोबाइलवर ट्यूनर आणि तंबोरा, दोन्ही ठेवा.

स्वर नेहमी खालून वर आणा. चढला असेल तर आधी थोडा उतरवून पुन्हा चढवा. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवली तरच थांबते. थोडाच फरक असेल तर खालच्या बाजूचा फाइन ट्यूनर, म्हणजे तारेच्या टोकाचा छोटा स्क्रू, वापरा. लहान वाद्याला चारही तारांना फाइन ट्यूनर बसवून घेतले तर रोजची पाच मिनिटं वाचतात. बारीक तारेचा एक जादा नग पेटीत असू द्या.

पाऊस आणि उन्हाळा

बेळगाव जिल्ह्यातच खानापूरच्या पावसाळ्यात आणि अथणीच्या उन्हाळ्यात एकाच वाद्याच्या तक्रारी वेगळ्या असतात. ओल वाढली की खुंटीचं लाकूड फुगतं आणि ती घट्ट बसते. जोर लावून फिरवू नका. ती काढून, घासला जाणारा भाग मऊ पेन्सिलीने काळा करा आणि वर कोरडा साबण किंचित लावा. कोरड्या हवेत खुंटी आकसते आणि तार सर्रकन उतरते, तेव्हा त्याच जागी खडू घासा. बेळगावातल्या जुन्या घरांच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरतात. त्या भिंतीला पेटी टेकवू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी पेटी सावलीत तासभर उघडी ठेवा.

जोड सुटला तर फेव्हिकॉल लावू नका. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं, कारण दुरुस्तीसाठी तो जोड पुन्हा उघडता यावा लागतो. फेव्हिकॉलचा जोड उघडताना लाकूडच फाटतं. तारा थोड्या सैल करा आणि कारागिराकडे न्या. उन्हात उभ्या गाडीत पेटी राहू देऊ नका, व्हार्निश मऊ पडतं आणि पेटीतलं कापड त्याला चिकटतं.

बैठक

हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतात. उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्याजवळ टेकलेलं, दुसरं टोक डाव्या खांद्याजवळ छातीला. लहान मुलाचं पोट आत जातं आणि पाठ वाकते. बुडाखाली घडी केलेली गोधडी द्या म्हणजे गुडघे खाली येतात. डोकं घोट्यापर्यंत पोचत नसेल तर तिथे टॉवेलची वळकटी ठेवा. उभं राहून वाजवायची पाश्चात्त्य पद्धत शिकत असेल तर शोल्डर रेस्ट (वाद्याखाली खांद्यावर टेकणारा आधार) हवाच. दोन्हींपैकी कोणती ते गुरुजी ठरवतील. घरी एक आणि क्लासला दुसरी असं करू नका.

रोज किती वेळ?

चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून दोनदा पाच ते दहा मिनिटं. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस. त्यापुढे अर्धा तास. रविवारी एकदम दीड तास बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं जास्त देतात, कारण बोटांची जागा झोपेच्या आधीच्या नि नंतरच्या सरावांतून पक्की होत जाते. वेळ घड्याळावर न बांधता एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडा: संध्याकाळचं दूध पिऊन झालं की, किंवा दिवा लावून झाला की. शाळेतून आल्या-आल्या नको, तेव्हा खांदे दप्तराने आधीच आखडलेले असतात.

एका बैठकीत एकच काम. आज गज सरळ चालवायचा असेल तर स्वर थोडा इकडे-तिकडे झाला तरी बोलू नका. आकड्यासाठी चिंचोके वापरा: वाटीत पाच, एक नीट ओढलेला लांब गज झाला की एक दुसऱ्या वाटीत. मुलाला शेवट कुठे आहे ते दिसतं आणि ‘अजून किती?’ हा प्रश्नच उरत नाही. शेवटची दोन मिनिटं त्याला आवडेल ते वाजवू द्या, तिथे कोणी सुधारायचं नाही.

पहिले तीन महिने: काय, कोणत्या क्रमाने

पहिला आठवडा गजाची पकड पेन्सिलवर करून घ्या. अंगठा वाकलेला हवा. अंगठा ताठ झाला की मनगट ताठ होतं आणि गज मधोमध थरथरतो. मग मोकळ्या तारा. गज घोडी आणि पट्टी यांच्या मधोमध, घोडीला समांतर, चार मात्रांत एक फेक, जमलं की आठ मात्रांत. समोर आरसा ठेवा. ‘गज वाकडा जातोय’ असं सांगण्यापेक्षा ‘गज कुठं चाललाय बघ’ म्हणा, मूल स्वतः सरळ करतं.

स्वर सुरू झाले की एक सुंदर गोष्ट हाती येते. मोकळी तार सा, पहिलं बोट रे, दुसरं ग, तिसरं म. म आणि ग जवळजवळ चिकटलेले. पुढची मोकळी तार प, आणि तिथेही पहिलं बोट ध, दुसरं नि, तिसरं वरचा सा. नि आणि सा चिकटलेले. म्हणजे एका तारेवर बसलेली बोटांची ठेवण पुढच्या तारेवर जशीच्या तशी चालते. मुलाने चार स्वर शिकले की सप्तक त्याच्या हातात असतं. हे त्याला मोठ्याने सांगा, त्याचा उत्साह दुणावतो. भूपाची सरगम यानंतर लगेच येऊ शकते, त्यात म आणि नि नाहीत.

पट्टीवर खुणेच्या बारीक चिकटपट्ट्या लावायच्या तर जागा मोजून काढता येतात. वरच्या खाचेपासून घोडीपर्यंत तारेची लांबी मोजा. तिच्या एक नवमांशावर शुद्ध रे, एक पंचमांशावर शुद्ध ग, एक चतुर्थांशावर म. समजा लांबी 27 सेंमी असेल तर वरून 3, 5.4 आणि 6.75 सेंमी. तार दाबल्याने स्वर किंचित चढतो, म्हणून शेवटची जागा तंबोऱ्याबरोबर ऐकूनच ठरवा. वर्षभरात पट्ट्या एकेक करून काढा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) घेताना डोळे पट्टीला खिळलेले असले तर बोट घसरायला घाबरतं.

गुरुजी कर्नाटक पद्धतीचे असतील तर हे गणित थोडं बदलतं. तिथे पहिले धडे मायामाळवगौळ रागात असतात, म्हणजे आपल्या भैरवासारखे रे आणि ध कोमल. पहिलं बोट वरच्या खाचेकडे सरकतं. क्लासमध्ये एक आणि घरी आजोबांच्या हार्मोनियमवर शुद्ध स्वरांची सरगम असं झालं की मूल गोंधळतं. घरी तेच स्वर गा जे क्लासमध्ये झाले. शिकवण्याची भाषा कन्नड असली तरी सरगम तीच आहे, घरी मराठीत बसवायला अडचण येत नाही.

आवाज बिघडला तर

चिरका आवाज: गज घोडीच्या फार जवळ गेलाय आणि वजन कमी पडतंय, किंवा गज तिरका चाललाय. घरघर: दाब जास्त, वेग कमी. मुलाला ‘हलकं’ न सांगता ‘लांब ओढ’ सांगा, लांब ओढताना दाब आपोआप कमी होतो. फुसका, वाऱ्यासारखा आवाज: गज पट्टीवर सरकलाय. दोन तारा एकदम वाजतात: उजव्या कोपराची उंची चुकली. जाड तारेला कोपर वर, बारीक तारेला खाली. स्वर सारखे उतरे येतात: डावं मनगट मानेला टेकलंय.

बोटांच्या टोकांवर तारेचे वण पडणं नेहमीचं आहे. मान, जबडा, खांदा दुखणं किंवा बोटं बधिर होणं नेहमीचं नाही. त्या क्षणी थांबा आणि माप व बैठक पुन्हा तपासा.

शाबासकी कशी द्यायची

‘छान, छान’ हे मुलाला दुसऱ्या आठवड्यात पोकळ वाटायला लागतं. नेमकं बोला: ‘आज गज टोकापर्यंत गेला.’ ‘तिसरं बोट स्वतःहून मागे घेतलंस.’ स्वयंपाकघरातून ‘चुकलं!’ अशी हाक मारू नका. मुलाला चूक बहुधा कळलेली असते आणि ते दुरुस्त करायच्या आधीच तुमचा आवाज पोचतो. चूक दाखवायचीच असेल तर शेजारी बसून, तंबोरा लावून, ‘मिसळला का?’ एवढंच विचारा.

सगळ्यात खरी शाबासकी वाद्यच देतं. प सा प सा मध्ये सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या बोटाने सा लावला आणि तो अचूक असला, तर शेजारची मोकळी सा ची तार कोणी न छेडता थरथरते. एरवी ती स्तब्ध असते. मुलाला डोळे जवळ नेऊन बघायला सांगा. तारेवर कागदाची चिमुकली घडी ठेवली तर ती हलताना दिसते. वरच्या प वर तिसऱ्या बोटाचा सा लावला तरी खालची सा ची तार झंकारते. एकदा हे दिसलं की मूल तुमच्याकडे न बघता तारेकडे बघून सूर शोधायला लागतं. त्यानंतर तुमचं काम निम्मं होतं.

गाऊन घेणंही तितकंच मोलाचं. आधी सरगम तोंडाने, मग बोटाने. गळ्यात आलेला स्वर बोट लवकर शोधतं. हिंदुस्थानी व्हायोलिन बरंचसं गायकीच्या वाटेने वाढलं: गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम यांच्या ध्वनिमुद्रणांतली पाच-पाच मिनिटं जेवताना लावा. गाणं ऐकवायला तर बेळगाव-धारवाडचा आपला भाग श्रीमंत आहे. कुमार गंधर्व 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाड-हुबळीचे. ‘ऐक, यातून शिक’ असं म्हणू नका, नुसतं घरात वाजू द्या.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उत्साह ओसरतोच. नवेपण गेलेलं असतं आणि वाजवायला पूर्ण गाणं अजून आलेलं नसतं. या काळात नवा धडा मागू नका. जुन्यातलं एक सोपं निवडा आणि कुणापुढे तरी वाजवायला द्या: शेजारच्या आजीपुढे, गौरी-गणपतीत आरती सुरू व्हायच्या आधी एक सरगम. दोन मिनिटं पुरे. पाहुण्यांपुढे अचानक ‘वाजवून दाखव’ असा हुकूम नको, आदल्या दिवशी विचारा आणि नाही म्हटलं तर नाही. परीक्षेची, मग ती गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक असो वा कर्नाटकातली ज्युनियर, घाई पहिल्या वर्षी करू नका. वार्षिक परीक्षा आणि गावच्या जत्रेच्या आठवड्यांत रियाज पाच मिनिटांवर आणा, पण पेटी रोज उघडली जाऊ द्या.

क्लास लांब असेल तर

निपाणी, चिकोडी, खानापूरहून आठवड्यातून एकदाच क्लास होत असेल तर गुरुजींच्या परवानगीने त्या दिवसाच्या धड्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, संथ लयीत. आठवड्याच्या मध्यावर मुलाचं एक मिनिटाचं वादन त्यांना पाठवा. चुकीची पकड सात दिवस मुरण्याआधी पकडली जाते. ऑनलाइन शिकवणी झूमवर असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर ॲप लांब स्वराला गोंगाट समजून दाबून टाकतं, गुरुजींना स्वर तुटलेला ऐकू येतो आणि मुलाला विनाकारण बोलणं बसतं. मोबाइल मुलाच्या उजवीकडे, थोडा वर ठेवा म्हणजे गज आणि डावा हात दोन्ही दिसतील.

दर चार महिन्यांनी हात पुन्हा मोजा. माप वाढवलं की पहिले दोन आठवडे सगळे स्वर उतरे लागतात, कारण बोटांमधलं अंतर वाढलेलं असतं. गुरुजींना आधी सांगून ठेवा, त्या पंधरवड्यात फक्त मोकळ्या तारा आणि सा रे ग म घ्या. जुनं वाद्य दुसऱ्या मुलाला देताना तारा अर्धा-एक स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका, आणि झाकणावरचा कागद आतच राहू द्या.